स्तेर्गियोसची रेष

डोंगरातल्या मावरोलाकोस गावात कुणाच्याही घरी पाहुणा गेला की आधी पेलाभर गार पाणी आणि बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा येतो, मग विचारपूस होते. पोलिक्सेनीच्या घरी मात्र आधी फोटो दाखवला जायचा. पाहुणा डोंगर चढून आलाय, त्याला तहान लागली असेल, याची तिच्या आईला पर्वा नसे. म्हातारी त्याचा दंड धरून भिंतीपाशी न्यायची आणि सांगायची, "हे बघ. माझा स्तेर्गियोस आला होता तेव्हाचं."

भिंतीवर मरियमची तसबीर, पलीकडे संत निकोलाओसची, आणि दोघांच्या मध्ये तो काळा-पांढरा फोटो. आभाळातून काढलेला, एका बाजूनं जळका. मधोमध खोल घळ, घळीच्या दोन्ही अंगांना घरं, टोकाला चर्च आणि मळणीची गोल गोल खळी. एका खळ्याच्या कडेला मोहरीएवढा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे मी, असं म्हातारी सांगायची. त्यावर रोज ओठ टेकवून टेकवून काच तेवढ्या जागी धुरकटली होती. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली, पोलिक्सेनी स्वतः आता म्हातारी झाली, तरी काचेवरचा तो डाग तिनं कधी पुसला नाही.

स्तेर्गियोस तिचा मोठा भाऊ. खालच्या मैदानात लारिसाजवळ हवाई दलाचा तळ आहे, तिथल्या टेहळणीच्या तुकडीत तो वैमानिक होता. या तुकडीचं सगळंच जगावेगळं. बाकीची विमानं बंदुका आणि बॉम्ब घेऊन उडायची. यांच्या पोटात फक्त कॅमेरे. एकट्यानं जायचं, निःशस्त्र जायचं, नकाशावर आखून दिलेल्या रेषेवरून सुतासारखं सरळ उडायचं आणि फोटो घेऊन परत यायचं. खालून गोळ्या सुटल्या तरी रेष सोडायची नाही, कारण विमान हललं की चित्र हललं, आणि चित्र हललं तर जायचंच कशाला? असं हे नाकासमोर उडणाऱ्यांचं घराणं होतं.

त्यांच्यात एक रिवाज मात्र होता. नियमात नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नवा वैमानिक तुकडीत मुरला, की एखाद्या दिवशी येताना थोडी वाट वाकडी करून तो आपल्या गावावरून जायचा आणि एक फोटो काढायचा. तो फोटो आईला द्यायचा. वरिष्ठ त्या दिवशी दुसरीकडे बघायचे, कारण त्यांच्याही आयांच्या भिंतींवर तसे फोटो होते. डोंगरातल्या दहा गावांत असे फोटो लागले होते. शेजारच्या गावात अनास्तासियाच्या घरीसुद्धा लागला, आणि तो पाहायला पोलिक्सेनीला मुद्दाम बोलावणं आलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

गावात फोन एकच, वाइयोसच्या कॉफीच्या दुकानात. तिनं तिथून तळावर फोन लावला. दुकान माणसांनी भरलेलं, पत्ते चाललेले.

"आमचा फोटो कधी काढणार?" तिनं विचारलं. "अनास्तासियाचा भाऊ तुझ्यानंतर लागला. त्यानं काढला."

"पोली, रेष सोडायची नसते," तो म्हणाला. "त्यानं सोडली ते त्याचं त्याला ठाऊक. मी नाही सोडणार."

"सगळे सोडतात."

"म्हणून मी सोडू?"

पत्ते खेळणारे आता पत्ते खेळत नव्हते. सगळ्या गावासमोर आपण तोंडघशी पडलो, एवढंच तिला कळलं. ती म्हणाली, "मग घरीही येऊ नकोस. असला भाऊ नसला तरी चालेल आम्हाला." आणि फोन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या शिखरावर ढगात विमान आदळलं. मेंढपाळांना अवशेष सापडले. या शिखराच्या एका अंगाला मावरोलाकोस, दुसऱ्या अंगाला लिवाडाकी नावाचं गाव. स्तेर्गियोसची त्या दिवशीची रेष लिवाडाकीच्या अंगानं जात होती. शिखर मात्र दोन्ही गावांचं, तेव्हा तो कुठल्या बाजूनं येऊन आदळला ते दगडांना विचारून कळण्यासारखं नव्हतं. कॅमेऱ्यातली फिल्म जवळजवळ सगळी जळाली होती. एकच चित्र हाती लागलं.

ते चित्र घेऊन दोन अधिकारी घरी आले. आईला शुद्ध नव्हती. टेबलाच्या या बाजूला पोलिक्सेनी बसली, त्या बाजूला ते दोघे. एकानं फोटो आपल्यापुढे ठेवून नीट न्याहाळला, मग तसाच तिच्यापुढे सरकवला. "हे ओळखता का?"

तिनं बघितलं. घळ. चर्च. खळं. तिचं बोट आपसूक पुढं गेलं. "हे आमचं खळं," ती म्हणाली. "हे आमचं घर."

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. रिवाज त्यांनाही ठाऊक होता. एकानं मान हलवून लिहून घेतलं. चूक मेलेल्याची निघाली की जिवंतांना झोप लागते, आणि ही गोष्ट काही फक्त फौजेपुरती नाही. तळावर तुकडीतल्या मृतांची संगमरवरी पाटी आहे. कामावर मेले त्यांचीच नावं तिच्यावर कोरतात. स्तेर्गियोस रेष सोडून खासगी कामाला गेला होता, असं ठरलं. त्याचं नाव कोरलं नाही.

गावानं पोलिक्सेनीला तोंडावर काही म्हटलं नाही. विहिरीवर ती आली की बायका चाललेलं बोलणं तोडून आपापल्या पोरांना हाका मारायला लागायच्या, इतकंच. आईनं तर चक्क तिला जवळ घेतलं. "तुझं ऐकलं गं त्यानं," आई म्हणाली. "रागावून मेला नाही. दारावरून जाऊन आला." या एका वाक्यावर पोलिक्सेनी जगली. तिचं लग्न झालं, नवरा गेला, मुलगी जर्मनीला जाऊन तिथलीच झाली. भावाला मीच मारलं, हे तिला रोज आठवायचं. आणि लगेच हेही आठवायचं, की मारलं खरं, पण तो माझ्यावर रुसून गेला नाही. घळीवर आला, वाकून बघितलं, मला माफ केलं, मग गेला. एका हातानं जखम आणि दुसऱ्या हातानं मलम, असं चाळीसेक वर्षं चाललं.

पास्खाचा, म्हणजे ईस्टरचा सण होऊन गेल्यावर एका सकाळी तिच्या दारात गणवेशातला माणूस उभा राहिला. सारांदिस त्याचं नाव, तुकडीचा प्रमुख. पन्नाशीला टेकलेला, डोळ्यांखाली काळं. पाठोपाठ कॉफीवाला वाइयोस, आता सगळ्या गावाचा बार्बा म्हणजे काका, काठी टेकत आलाच. गावात गणवेश आला आणि वाइयोस दुकानात बसून राहिला, असं कधी झालेलं नाही.

पोलिक्सेनीनं पाणी आणि मुरंबा ठेवला. सारांदिसनं रिवाजाप्रमाणे आधी मुरंबा संपवला, वर पाणी प्यायला आणि अदबीनं म्हणाला, "किरा पोलिक्सेनी, तुकडी बंद होतेय."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. आता बिनमाणसाची यंत्रं उडतात. त्यांना भूक नाही, झोप नाही, आई नाही."

"मग ती फोटो काढून कुणाच्या भिंतीला लावतात?"

सारांदिस हसला नाही. "कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "म्हणून मी तुकडीचा इतिहास लिहितोय. कापडी पंखांच्या विमानातून आमची माणसं फोटोच्या काचेच्या पट्ट्या मांडीवर घेऊन वाकायची, बोटं गारठून काळी पडायची, तिथपासून. अल्बेनियाच्या बर्फातला तो लढाईचा हिवाळा, मग वाळवंटातली लढाई, मग ही जेटं. निरोपाच्या दिवशी तो वाचायचा आहे. ज्यांच्या घरी आमचे फोटो आहेत, तिथून ते मागून नेतोय. नक्कल काढून परत देईन."

"स्तेर्गियोस आहे त्यात?"

"आहे."

"कसा आहे?"

सारांदिसनं रिकाम्या बशीत चमचा उगाच सरळ केला. "कागदात आहे तसाच. मला स्वतःला ते वाचायला नको वाटतं."

"नको कशाला वाटायला? खोटं थोडंच आहे ते?" वाइयोस मध्येच म्हणाला. "आला होता बिचारा आईला बघायला. माझं खेचरसुद्धा आलंय फोटोत. दुकानामागे बांधलेलं. बघा की, चक्क कान दिसतात."

"कान दिसतात," पोलिक्सेनी म्हणाली. "आभाळातून. बार्बा, तुला समोरचा माणूस दिसत नाही."

सारांदिस उठून भिंतीपाशी गेला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं परवानगी मागितली, फोटो खिळ्यावरून काढला, खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. त्यानं तो नेहमीच्या सवयीनं हातात घेऊन अर्धा फिरवला आणि तिथेच थांबला. पुन्हा उलटा केला. पुन्हा सुलटा. त्याचा चेहरा बदलला तेव्हा पोलिक्सेनीला वाटलं, काच फुटली.

"हा असाच लावलेला असतो?" त्यानं विचारलं. "घळ मधोमध, चर्च वरच्या टोकाला?"

"मला असाच दिला होता. माझ्यापुढे ठेवला तसाच लावला."

"कुणी ठेवला? कुठे बसला होता तो?"

"तुमच्यातलाच. समोर. टेबलाच्या त्या बाजूला."

सारांदिस खुर्चीत बसला. मग हळूहळू, एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसा सांगू लागला. "आमच्याकडे फोटो वाचायला शिकवतात ना, तेव्हा पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात. सावली आपल्या छातीकडे पडली पाहिजे. डोळ्याला सवय असते, उजेड वरून येतो म्हणून. सावली आपल्याकडे आली तर डोंगर डोंगर दिसतो. फोटो उलटा धरला, सावली पलीकडे गेली, की डोंगराची दरी होते. दरीचा डोंगर होतो. कितीही शहाणा असो, डोळा फसतोच."

"म्हणजे?" पोलिक्सेनी म्हणाली.

"त्या अधिकाऱ्यानं फोटो स्वतःपुढे बरोबर धरला होता. मग तसाच तुमच्याकडे सरकवला. तुम्ही समोर बसला होता. त्याला बरोबर दिसणारं तुम्हाला उलटं दिसणार, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. रोजचं काम असलं की असंच होतं. आता बघा."

त्यानं फोटो फिरवून तिच्यापुढे ठेवला.

घळ उठून वर आली. तिच्या डोळ्यांदेखत, कणीक फुगून यावी तशी ती वर आली आणि तिची उंच डोंगरधार झाली. घरं धारेच्या दोन्ही उतारांना चिकटली. चर्च घळीच्या तोंडाशी नव्हतं, धारेच्या शेवटच्या टोकावर होतं. मावरोलाकोसमध्ये असलं काहीच नाही. मावरोलाकोस घळीत बसलेलं आहे, सूर्यसुद्धा तिथे उशिरा येतो.

वाइयोसनं चष्मा पुसून बघितलं, आणखी एकदा पुसला. "हे लिवाडाकी," तो म्हणाला. "माझी बायको तिथली. हे तिचं चर्च." मग जरा वेळानं, "चाळीस वर्षं मी लिवाडाकीच्या खेचराचं कौतुक करतोय?"

स्तेर्गियोसची त्या दिवशीची रेष लिवाडाकीवरूनच होती. तो रेषेवर होता.

ते तिघे सारांदिसच्या गाडीतून डोंगराला वळसा घालून गेले. वाइयोसला नको म्हटलं तरी तो पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. लिवाडाकीच्या वर, धारेच्या डोक्यावर गाडी थांबली. तिथून गाव पायाखाली दिसत होतं. बरीच घरं पडली होती, पण खळी होती, चर्च होतं, त्याच टोकावर. सारांदिसनं फोटो धरला, बोट ठेवत गेला, आणि बोट ठेवावं तिथे ते ते होतं. ठिपका होता त्या खळ्याच्या कडेला एक बुटकं ओकचं झाड उभं होतं. पोलिक्सेनी त्या झाडाकडे बघत राहिली. आई गेली ते बरं झालं, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, आणि वाटल्याबद्दल शरमही वाटली.

वाइयोस चर्चकडे मेणबत्ती लावायला गेला. सारांदिस तिच्या शेजारी दगडावर बसला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "कागदावर तुमची साक्ष आहे. ती चुकली होती, असं तुम्ही लिहून दिलंत, तर पाटीवर नाव कोरायला मला कुणी अडवणार नाही. निरोपाच्या आधी होऊन जाईल. पण तुम्ही नाही म्हणालात, तर फोटो परत भिंतीला जाईल. मी काही बोलणार नाही. वाइयोसलाही सांगू."

"वाइयोसला सांगून त्याच्या तोंडाला कुलूप लागेल होय?"

"नाही लागायचं," त्यानं मान्य केलं. "तरी विचारतोय. तो फोटो तुमच्या घरात काय आहे, ते मी बघितलं."

त्याला अर्धंच दिसलं होतं. काचेवरचा डाग दिसला होता. दुकानातला फोन त्याला ठाऊक नव्हता. पोलिक्सेनीनं तो प्रसंग आजवर कुणाला सांगितला नव्हता, कारण गावात सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांनी तो ऐकलेला होता. आता तिनं सांगितला. शब्द न्‌ शब्द सांगितला, अनास्तासियाच्या घरच्या फोटोपासून फोन ठेवल्याच्या खट्‌ आवाजापर्यंत.

"आई म्हणायची, त्यानं माझं ऐकलं. दारावरून जाऊन आला," ती म्हणाली. "तो आलाच नाही हो. मी म्हटलं होतं घरी येऊ नकोस, तर तो आला नाही. इकडे लिवाडाकीच्या डोक्यावर फोटो काढत बसला. माझे ते शब्द कानात घेऊन."

सारांदिस काही बोलणार होता. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गप्प राहिला. ते त्यानं चांगलं केलं. अशा वेळी माणसं काहीतरी बोलून टाकतात आणि ऐकणाऱ्याला ते जन्मभर वाहावं लागतं.

खाली लिवाडाकीत कुणीतरी शेळ्या हाकत होतं. पोलिक्सेनीला रडू येत नव्हतं. राग येत होता. आधी त्या अधिकाऱ्याचा आला, ज्यानं फोटो फिरवून द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. मग स्वतःच्या बोटाचा आला. त्याच बोटानं आपण दोन गोष्टी केल्या, हे तिला आत्ता नीट कळत होतं: स्वतःसाठी माफी उचलली, आणि तिची किंमत म्हणून भावाचं नाव देऊन टाकलं. माहीत नसताना केलं, तोवर ठीक होतं. आता माहीत असून फोटो परत भिंतीला लावायचा, म्हणजे रोज सकाळी उठून त्याला पुन्हा एकदा रेषेवरून खाली ओढायचं.

"कागद आहे का गाडीत?" तिनं विचारलं.

"आहे. पण घाई नाही. घरी जाऊन विचार करा."

"घरी गेले तर नाही लिहायची," पोलिक्सेनी म्हणाली. "इथेच आणा."

गाडीच्या गरम टपावर कागद ठेवून तिनं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मी तेव्हा ओळखलं ते चुकीचं ओळखलं, फोटो आमच्या गावाचा नाही, माझा भाऊ आमच्या गावावर आला नव्हता. शेवटचं वाक्य लिहिताना तिला दोनदा थांबावं लागलं. वाइयोस मेणबत्ती लावून परत आला आणि एकदम शहाण्यासारखा मागच्या सीटवर जाऊन बसला.

निरोपाच्या दिवशी लारिसाचं मैदान हिरव्या गव्हानं भरलं होतं. तळावर खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारे वैमानिक आले होते, त्यांच्या जुन्या गणवेशांची बटणं पोटावर लागत नव्हती आणि त्यावरून ते एकमेकांची टर उडवत होते. मग शेवटचं विमान उतरलं. इंजिन थांबल्यावर इतकी शांतता झाली की गव्हातले चंडोल ऐकू आले. सारांदिसनं इतिहास वाचला. त्याचा आवाज चांगला नव्हता आणि तो भरभर वाचत होता, पण कुणी खोकलं नाही. स्तेर्गियोसवर चार ओळी होत्या. लिवाडाकीच्या अंगानं, शिखरावर ढग उतरलेले असताना, नेमून दिलेल्या रेषेवर. इतकंच. पुढच्या रांगेतला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा ते ऐकून उठून उभा राहिला आणि वाचन संपेपर्यंत खाली बसला नाही. तो कोण, ते पोलिक्सेनीला माहीत नव्हतं. कुणीतरी सांगितलं की तो स्तेर्गियोसच्या खोलीत राहायचा.

झेंडा घडी करून झाल्यावर माणसं कॉफी आणि ब्रँडीकडे वळली. वाइयोस कुणा जनरलला खेचराची हकीकत ऐकवत होता. पोलिक्सेनी एकटी पाटीपाशी गेली.

बाकीची नावं उन्हापावसानं करडी झाली होती. त्याचं नाव शेवटी होतं, पांढरं, कालच कोरलेलं. दोन ओळींच्या मध्ये जागा नव्हती म्हणून तळाशी घेतलं होतं, आणि तळाशी असल्यामुळे तिला गुडघे टेकून बसावं लागलं. गुडघे आता दुखतात. कोरलेल्या अक्षरांत भुकटी अडकली होती, ती तिनं करंगळीनं एकेक अक्षर करत काढली. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीसाठी मागायचं ते सगळं मागून झालं होतं, आणि जी माफी तिला मिळाली होती ती तिनं स्वतःच परत केली होती. आता भावाशी बोलायला काहीच आड नव्हतं.

"रेष सोड म्हटलं, तर माझं ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "बरं केलंस."